रक्ताची गुठळी आणि तिची परीक्षा : दुखणाइताच्या बाजूने पाहिलेला इतिहास



वसंत ऋतूतील व्याख्यानाला रक्ताच्या गुठळीसारखा विषय निवडला म्हणून कोणी नाक मुरडील, तर त्याला आमचे उत्तर एवढेच की, हा विषय आम्ही शोधीत गेलो नाही. तो घरोघर आपण होऊन आला. २०२० साली करोनाची साथ आली आणि ‘डी-डायमर’ हा शब्द, ज्याने जन्मात वैद्यकाचे पुस्तक उघडले नाही अशा माणसाच्याही तोंडी बसला. साथ ओसरली, पण तो शब्द राहिला. आता तपासणीचा कागद हाती पडतो, त्यावर एक आकडा असतो, आकड्यापुढे ‘जास्त’ अशी खूण असते, आणि डॉक्टरांची गाठ पडेपर्यंतची रात्र घरातील माणसे जागून काढतात.

ही रात्र कोणालाही कठीणच. परंतु ज्यांचे शरीर रोजच दुखते, अशांना ती दुहेरी कठीण. आमवाताने ज्यांचे गुडघे सुजलेले असतात, ल्यूपससारख्या व्याधीने ज्यांचे सांधे वर्षानुवर्षे ठणकत असतात, सिकलसेलच्या कळांनी ज्यांना वरचेवर अंथरूण धरावे लागते, त्यांना पायातील नवी कळ जुन्या कळांतून निवडून काढता येत नाही. आम्हीही या जुनाट दुखणाइतांच्या बिरादरीतलेच. सांध्यांशी आमचा संसार बरीच वर्षे चालला आहे. म्हणून या परीक्षांचा इतिहास आम्ही कुतूहलाने वाचू लागलो आणि गरजेने वाचत राहिलो. त्यातून जे हाती लागले त्याचे सार प्रथमच सांगून टाकतो. रक्ताची प्रत्येक परीक्षा हा मुळात एक प्रश्न असतो. तो प्रश्न कोणी, केव्हा आणि कशासाठी विचारला, हे ठाऊक नसेल तर उत्तराचा आकडा हाती असून नसल्यासारखा आहे.

प्रारंभ बर्लिनपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या क्रूव्हेल्ये या विकृतिविज्ञानाच्या आचार्याची शिकवण अशी होती की, शिरेचा दाह हे बहुतेक रोगांचे मूळ आहे. रुडॉल्फ फिर्खो या पंचविशीतील तरुण जर्मन डॉक्टराला ती पटेना. मृत्यूनंतरच्या तपासणीत फुप्फुसाच्या धमनीत जी गुठळी सापडते ती तेथेच जन्मलेली नसून, पायाच्या शिरेतून सुटून हृदयावाटे वाहत आलेली असते, असे त्याने १८४६ साली मांडले. कुत्र्यांच्या शिरांत रबराचे व अन्य पदार्थांचे तुकडे सोडून ते फुप्फुसात जाऊन अडकतात, हेही त्याने दाखविले. १८५६ मध्ये त्याचे हे निबंध ग्रंथरूपाने एकत्र झाले. गुठळी होण्याची तीन कारणे आज त्याच्या नावाने सांगितली जातात : रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे, आणि रक्ताच्या घटनेतच बदल होणे. ही त्रयी त्याच्या नावाने रूढ झाली ती पुष्कळ नंतर. परंतु आम्हां दुखणाइतांना ती फार जवळची आहे. दुखते म्हणून हालचाल कमी, आणि अंगात सतत दाह म्हणून रक्ताची घटना बदललेली. आमवातात आणि ल्यूपसमध्ये गुठळीचा धोका इतरांहून काहीसा अधिक असतो तो याच कारणांनी.

फिर्खोने गुठळीचा प्रवास दाखविला खरा, पण जिवंत माणसाच्या अंगात ती आहे की नाही, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. पुढच्या पिढ्यांनी रक्त काचेच्या नळीत घेतले. १९०५ साली मोराविट्झ याने रक्त गोठण्याची चार घटकांची मांडणी केली. १९१३ साली ली आणि व्हाइट या अमेरिकन डॉक्टरांनी शिरेतील रक्त नळीत घेऊन, नळी अधूनमधून कलती करून, ते किती मिनिटांत थिजते ते मोजण्याची रीत घालून दिली. १९३५ साली आर्मंड क्विक याने तिच्या पुढचे पाऊल टाकले. रक्तातील पेशी वेगळ्या करून उरलेल्या द्रवात सशाच्या मेंदूचा अर्क आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, मिसळायचे आणि गोठण्यास किती सेकंद लागतात ते पाहायचे. हीच ‘प्रोथ्रॉम्बिन टाइम’ची परीक्षा.

या परीक्षांमागचा प्रश्न ध्यानात घ्यावा. काविळीच्या रोग्याचे शस्त्रकर्म केले तर रक्त थांबेल काय, असा क्विकचा प्रश्न होता. अंगात गुठळी झाली आहे काय, असा तो नव्हताच. त्या काळच्या डॉक्टरांना भय वाटे ते रक्त न गोठण्याचे.

याच परीक्षेला पुढे एक वेगळे काम मिळाले, आणि ते गोठ्यातून आले. १९२० नंतरच्या काळात कॅनडात व अमेरिकेच्या उत्तर भागात कुजलेले ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचे गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ सालच्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा डबा घेऊन मॅडिसनच्या विद्यापीठात कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारी आला. सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १९३९ मध्ये, त्या गवतातील विषारी द्रव्य लिंकच्या सहकाऱ्यांनी स्फटिकरूपात वेगळे केले. त्याच कुळातील ‘वॉरफॅरिन’ १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसाचे औषध झाले. औषध किती द्यावे हे ठरविण्यासाठी क्विकची परीक्षा हाताशी होतीच. पण प्रत्येक प्रयोगशाळेचा मेंदूचा अर्क निराळा, म्हणून एकाच रक्ताची सेकंदे ठिकठिकाणी निराळी येत. एका गावचा शेर आणि दुसऱ्या गावचा शेर यांत फरक पडावा, तसाच हा प्रकार. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्व अर्कांना एका प्रमाण अर्काशी बांधून दिले, आणि ‘आय. एन. आर.’ हा आकडा जन्मला. वॉरफॅरिन घेणाऱ्या बहुतेक रोग्यांत तो दोन आणि तीन यांच्या दरम्यान राखतात. तो सांगतो ते एवढेच की, औषधाने रक्त किती सावकाश गोठते आहे. त्यावरून पायात गुठळी आहे की नाही, हे कळत नाही.

आता या इतिहासातील सर्वांत चमत्कारिक प्रकरणाकडे वळू. त्याचा आरंभ गरमीच्या परीक्षेतून झाला आहे. १९०६ साली वासरमान याने गरमीची रक्तपरीक्षा काढली. तीत प्रथम त्या रोगाने ग्रस्त यकृताचा अर्क वापरीत. पुढे असे आढळले की निरोगी बैलाच्या हृदयाचा अर्कही तेच काम करतो. १९४१ साली मेरी पँगबॉर्न या संशोधिकेने त्या अर्कातील मुख्य स्निग्ध द्रव्य वेगळे करून त्याला ‘कार्डिओलिपिन’ हे नाव दिले. गरमीच्या चाचण्या सरसकट होऊ लागल्यावर ज्यांना तो रोग झालेलाच नाही अशा काही माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, परीक्षा वारंवार ‘होय’ येऊ लागल्या. या खोट्या ‘होय’पायी किती घरांत संशयाचे विष कालवले गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १९५५ साली मूर आणि लुट्झ यांनी अशा लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून दाखवून दिले की, त्यांतील अनेकांना पुढे ल्यूपस होतो.

इकडे १९५२ साली बाल्टिमोर येथील कॉनली व हार्टमन यांना ल्यूपसच्या रोग्यांत रक्त गोठण्यास अडथळा करणारे एक द्रव्य आढळले. नळीत त्यांचे रक्त नेहमीपेक्षा उशिरा गोठे. तर्क सरळ होता : नळीत उशीर, म्हणून अंगात रक्तस्राव. परंतु १९६३ साली बोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच द्रव्य असलेल्या ल्यूपसच्या रोग्यांत नेमक्या उलट गोष्टीची नोंद केली. त्यांच्या शिरांत गुठळ्या होत होत्या! १९७२ मध्ये या द्रव्याचे नाव ‘ल्यूपस अँटिकोॲग्युलंट’, म्हणजे ल्यूपसमधील रक्त गोठू न देणारे द्रव्य, असे पडले. हे नाव दुहेरी फसवे आहे. ते असलेल्या अनेकांना ल्यूपस नसतो. आणि अंगात ते रक्त गोठण्यापासून अडवीत नाही, उलट गुठळीला वाव देते.

या कोड्याची उकल अशी. नळीतील परीक्षेला फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध द्रव्याची जरूर असते. या रोग्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे त्या स्निग्ध द्रव्याला जाऊन चिकटतात, म्हणून नळीतील काम रेंगाळते. जिवंत शिरेत मात्र तीच प्रतिपिंडे शिरेच्या अस्तराला आणि रक्तातील बिंबिकांना चेतवितात आणि गुठळी होते. १९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहॅम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुठळ्या, वारंवार होणारे गर्भपात आणि ही प्रतिपिंडे यांची सांगड घातली. त्याच वर्षी कार्डिओलिपिनविरुद्धची प्रतिपिंडे मोजण्याची नवी परीक्षाही प्रसिद्ध झाली. एकामागून एक गर्भ गमावलेल्या आणि त्यापायी घरच्यांचे बोल सोसलेल्या किती स्त्रियांचा दोष मुळात एका प्रतिपिंडाचा होता, हे तेव्हा कुठे समजले. अशा स्त्रियांपैकी पुष्कळजणींची कूस आज ॲस्पिरिन व हेपॅरिन यांच्या साहाय्याने उजवते. परीक्षेचा अर्थ नीट लावल्याने काय साधते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

या परीक्षेशी आपल्या शेतशिवाराचाही संबंध आहे. आपल्याकडे उसाच्या फडात आणि भाताच्या खाचरात जी घोणस आढळते, तिचे इंग्रजी नाव पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टराच्या नावावरून पडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असताना त्याने पूर्व किनाऱ्यावरील सापांचा अभ्यास केला, आणि त्याचा ग्रंथ १७९६ मध्ये छापला गेला. घोणस चावलेल्या माणसाचे रक्त गोठेनासे होते, कारण तिचे विष अंगातील रक्त गोठविणारी सामग्रीच संपवून टाकते. म्हणून आजही खेड्यातील दवाखान्यात अशा रोग्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलविता ठेवतात आणि मग नळी कलती करून पाहतात. ली आणि व्हाइट यांच्या रीतीचीच ही धाकटी बहीण. पण तेच विष अत्यंत पातळ केले तर नळीतील रक्त चटकन गोठविते. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लन आणि बार्नेट यांनी, रक्त न थांबणाऱ्या रोग्यांच्या जखमेवर ते लावण्याचा मार्ग सुचविला. १९८६ साली याच पातळ विषावर ल्यूपस अँटिकोॲग्युलंट ओळखण्याची परीक्षा उभारण्यात आली. विष घालूनही रक्त उशिरा गोठले, आणि जादा फॉस्फोलिपिड मिसळताच तो उशीर भरून निघाला, तर ती प्रतिपिंडे तेथे आहेत असे समजावे. एखाद्या साध्या तापानंतरही ही प्रतिपिंडे काही काळ दिसतात, म्हणून बारा आठवड्यांनी परीक्षा पुन्हा करावी लागते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर निकाल फसवा येऊ शकतो. ते औषध प्रयोगशाळेला आधी सांगितले पाहिजे.

आता डी-डायमरकडे येऊ. रक्त गोठते तेव्हा फायब्रिन नावाचे तंतू तयार होतात आणि ते एकमेकांस पक्के जोडले जातात. काम संपले की शरीरच ते जाळे तोडू लागते. पत्रावळीची पाने काडीने टाचलेली असतात. उकिरड्यावर टाचलेल्या पानांचे तुकडे सापडले तर येथे कोणाच्या तरी घरी पत्रावळ लागली होती एवढे कळते. सुट्या पानाला टाचण नसते. डी-डायमर म्हणजे असा टाचणीसकटचा तुकडा. १९७०च्या सुमारास त्याचे स्वरूप कळले, आणि १९८३ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे फक्त त्यालाच ओळखणारे प्रतिपिंड तयार झाले.

परंतु उकिरड्यावरील तुकड्यांवरून पंगत लग्नाची होती की श्राद्धाची, आणि ती कोणत्या आळीत झाली, हे कळत नाही. डी-डायमर वाढतो तो पायातील गुठळीने, तसाच संसर्गाने, शस्त्रकर्माने, गरोदरपणात, कर्करोगात आणि नुसत्या वाढत्या वयानेही. आमवात भडकलेला असला की तो वाढतो. सिकलसेलच्या रोग्यांत तर कळा नसतानाही तो चढलेला असतो, कळांच्या वेळी आणखी चढतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार असलेली कितीतरी घरे आहेत, त्यांनी हे मनात ठेवावे.

मग या परीक्षेचा उपयोग काय? तो कॅनडाच्या फिलिप वेल्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट बसवून दिला. आधी रोग्याला तपासून गुण द्यावेत : तो अंथरुणाला खिळला होता काय, एक पोटरी दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरहून अधिक सुजली आहे काय, कर्करोग आहे काय, इत्यादी. २००३ साली त्यांनी दाखविले की, संभव कमी असेल आणि डी-डायमरही कमी असेल, तर गुठळी नाही असे समजून निर्धास्त होता येते. म्हणजे ही परीक्षा ‘नाही’ म्हणण्यासाठी आहे. तिचे ‘नाही’ भरवशाचे. तिचे ‘होय’ म्हणजे पुढे तपासा, एवढीच सूचना. आणि आधीच्या गुणांवरून संभव जास्त असेल, तर केवळ तिच्या ‘नाही’वर विसंबू नये; सोनोग्राफीच करावी.

आकड्याविषयीही दोन शब्द. एका मोजमापात ५०० नॅनोग्रॅम ही नेहमीची सीमा असते. दुसऱ्या मोजमापात तेच प्रमाण सुमारे निम्म्या आकड्याने लिहिले जाते. एकाच वस्तूचे दोन शेर येथेही आहेतच. तेव्हा दोन प्रयोगशाळांचे कागद शेजारी ठेवून घाबरण्यापूर्वी एकक वाचावे. पन्नाशीनंतर वयाची दसपट ही सीमा धरावी, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने फुप्फुसातील गुठळीच्या बाबतीत दाखविले. पहिल्या मोजमापात सत्तरीच्या माणसाला ती ७०० होते.

वेल्स यांच्या गुणपत्रिकेत एक कलम असे आहे की, सुजेचे दुसरे कारण तितकेच संभवनीय असेल तर दोन गुण वजा करावेत. आमचे सारे दैव या दोन गुणांत आहे. जुनाट दुखणाइताजवळ ‘दुसरे कारण’ नेहमीच तयार असते. आमवाताच्या गुडघ्यामागे पाण्याची गाठ होते, ती फुटली की पोटरी हुबेहूब गुठळीसारखी सुजते. पाऊल वर ओढून पोटरीत कळ येते काय हे पाहण्याची जी खूण बोस्टनच्या होमन्स यांच्या नावाने पुस्तकांत आहे, ती भरवशाची नाही असे पुढे ठरले. म्हणून कधी गुठळी नसताना आम्हांस धावपळ करावी लागते. आणि कधी गुठळी असताना, “तुमचे नेहमीचेच दुखणे,” असे ऐकून घरी यावे लागते. यातली पहिली चूक पैशाला आणि झोपेला मुकविते. दुसरी प्राणाला मुकवू शकते.

ही दुसरी चूक टाळण्यासाठी डॉक्टराला जे ठाऊक नसते, ते रोग्याला ठाऊक असते. आपले नेहमीचे दुखणे कसे असते, दोन्ही पायांत असते की एकाच, सकाळी असते की रात्री, विश्रांतीने उतरते की नाही, याचा जाणता रोगी स्वतः असतो. ते शब्दांत सांगण्याची सवय त्याने लावून घ्यावी. “पाय दुखतो” असे न म्हणता, “रोज दोन्ही गुडघे दुखतात, पण परवापासून डावी पोटरीच सुजली आहे आणि हे दुखणे माझ्या ओळखीचे नाही,” असे म्हणावे. प्रकृती शांत असतानाचे आपले आकडे जवळ ठेवावेत, म्हणजे चढलेला आकडा कशाच्या तुलनेत चढला ते कळेल. एक पाय अकस्मात सुजला, एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर मात्र कागदांची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि डॉक्टरांस एकच प्रश्न नम्रपणे विचारावा : “ही परीक्षा आपण कशासाठी करीत आहोत? ‘नाही’ आली तर काय ठरेल, आणि ‘होय’ आली तर काय?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. फिर्खोपासून वेल्सपर्यंत ज्यांनी ज्यांनी या विद्येत भर घातली, त्या प्रत्येकाने तोच प्रश्न आपल्या रीतीने विचारला. १९५२ ते १९७२ या वीस वर्षांत जाणत्या लोकांनाही नळीतले रक्त आणि अंगातले रक्त यांचा मेळ घालता आला नव्हता. तो बसला, कारण कोणीतरी नळीवरून नजर काढून रोग्याच्या सुजलेल्या पायाकडे पाहिले. नळी आणि पाय ही दोन्ही पाहिली पाहिजेत, आणि पाय कसा आहे हे सांगण्याचे काम आपले आहे.